शहरात नव्याने आलेल्या कुटुंबासाठी: निवारा केंद्रापासून स्वतःच्या उंबरठ्यापर्यंत

गेली आठ वर्षं मी बेघर कुटुंबांसाठीच्या एका निवारा केंद्रात आठवड्यातून तीन संध्याकाळी जाते. नवं कुटुंब दारात आलं की माझं लक्ष आधी त्यांच्या सामानाकडे जातं. पत्र्याची एखादी पेटी, साडीत बांधलेलं गाठोडं, तवा, परात, आणि कपड्यांच्या घडीत खुपसलेली साडीच्या दुकानातली एक प्लास्टिकची पिशवी. पिशवीला दोन-तीन गाठी मारलेल्या असतात. आत आधार कार्डाची विटलेली झेरॉक्स, धाकट्याचं लसीचं कार्ड, गावच्या रेशनकार्डाचं पहिलं पान आणि कुणाचा तरी मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी.

ती पिशवी उघडल्यावर पुढे काय करायचं, ते इथे सांगते आहे. दुष्काळ, कर्ज, घरातली मारहाण, आजारपण, बंद पडलेली वीटभट्टी, कारण काहीही असो, लेकरांसकट शहरात आलात आणि डोक्यावर छप्पर नाही, तर हे तुमच्यासाठी आहे. तुम्ही स्वतः त्या अडचणीत नसाल, पण तुमच्या दुकानाच्या पायरीवर किंवा पुलाखाली असं कुटुंब रोज दिसत असेल, तर त्यांच्याशेजारी दहा मिनिटं बसून हे वाचून दाखवा.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. निवारा केंद्रात तुम्हाला झोपायला जागा मिळते, पण त्याहून मोठी गोष्ट मिळते ती म्हणजे पत्ता. शाळा, रेशन दुकान, बँक, दवाखाना, कुठेही जा, पहिला प्रश्न "राहता कुठे?" हाच असतो. त्याचं उत्तर देता आलं की बाकीची कामं एकेक करून मार्गी लागतात.

पहिली रात्र

रात्री स्टेशनवर किंवा एसटी स्टँडवर उतरला असाल आणि जायला कुठेच नसेल, तर लेकरांना घेऊन अंधारात भटकू नका. स्टेशनवर रेल्वे पोलिसांची चौकी असते, तिच्याजवळच्या उजेडात बसा. गाडीत किंवा फलाटावर काही घडलं तर १३९ लावा, बाकी कुठल्याही धोक्यात ११२. मूल हरवलं, एकटं सापडलं किंवा त्याला कुणी त्रास देत असेल तर १०९८. बाईमाणसासाठी १८१. घरातलं म्हातारं माणूस अडचणीत असेल तर १४५६७. हे नंबर चिठ्ठीवर लिहून मुलांच्याही खिशात ठेवा, कारण फोन नेमका तेव्हाच बंद पडतो.

सकाळी महानगरपालिकेच्या जवळच्या कार्यालयात जा. मुंबईत त्याला वॉर्ड ऑफिस म्हणतात, पुण्यात क्षेत्रीय कार्यालय, नागपुरात झोन कार्यालय. तिथे जाऊन "शहरी बेघर निवारा कुठे आहे?" असं नेमकं याच शब्दांत विचारा. "राहायची सोय होईल का?" असं मोघम विचारलं तर घरकुलाच्या अर्जाच्या रांगेत उभं करतील. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान २०१३ साली सुरू झालं तेव्हा बेघरांच्या निवाऱ्याची योजना त्यातच आली. दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांना पुरेल इतका निवारा, तो वर्षभर आणि चोवीस तास उघडा, माणशी साधारण पन्नास चौरस फूट जागा, पाणी, संडास-न्हाणी, अंथरूण-पांघरूण आणि स्वयंपाकाची सोय, असा त्या योजनेचा नियम ठरला. सर्वोच्च न्यायालयानेही २०१० पासून अन्नाच्या हक्काच्या खटल्यात यासाठी सरकारांना वारंवार बजावलं आहे. म्हणजे निवारा मागताना तुम्ही भीक मागत नाही, नियमात बसणारी गोष्ट मागत आहात. मान खाली घालून विचारू नका.

नियमाइतके निवारे कुठल्याच मोठ्या शहरात नाहीत, हेही खरं. २०११ च्या जनगणनेत एकट्या मुंबईत साधारण ५७ हजार माणसं बेघर म्हणून मोजली गेली. त्यातही कुटुंबाला एकत्र राहता येईल असे निवारे थोडे. बरेचसे एकट्या पुरुषांसाठी, काही फक्त बायका-मुलांसाठी. त्यामुळे दारातच विचारून घ्या: नवरा-बायको-मुलं एकत्र राहू शकतील का? चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा आईसोबत झोपू शकेल, की त्याला पुरुषांच्या खोलीत पाठवणार? किती दिवस राहता येईल? पेटीला कुलूप लावायची सोय आहे का? स्वयंपाक स्वतः करायचा की जेवण मिळतं? रात्री दार किती वाजता बंद होतं? शेवटचा प्रश्न बिनमहत्त्वाचा वाटतो, पण रात्रपाळीचं काम लागलं की त्यावरूनच वाद होतात.

तुम्ही उपचारासाठी मुंबईत आला असाल तर वाट वेगळी आहे. परळ-दादर भागात रुग्णांच्या कुटुंबांसाठी जुन्या धर्मशाळा आहेत. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही नावं कॅन्सरच्या रुग्णांना कुणीही सांगेल. लहान मुलाला कॅन्सर असेल तर सेंट ज्यूड या संस्थेची केंद्रं आहेत, तिथे आईवडिलांना मुलासोबत विनाशुल्क राहता येतं. अशा ठिकाणी सरळ जाऊन दार वाजवण्यापेक्षा रुग्णालयातल्या समाजसेवा विभागातून चिठ्ठी घेऊन जा. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा बांधल्या, त्या परमुलखात आलेल्या गरिबाला पाठ टेकायला जागा हवी म्हणून. त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, वस्त्र आणि शिक्षण यांच्या पाठोपाठ बेघरांना आसरा येतो. आम्ही निवाऱ्यात करतो ते याच क्रमाने करतो.

आत आल्यावर रजिस्टरमध्ये नाव लिहितात, फोटो काढतात, कोण कोण सोबत आहे ते विचारतात. खरं सांगा. कुठून आलात, कुणापासून लपून आलात का, अंगावर कुणाचं कर्ज आहे का, तेही काळजीवाहकाला बाजूला घेऊन सांगा. आमच्याकडे एका बाईने भीतीपोटी नाव खोटं सांगितलं होतं. महिन्याने मुलाच्या शाळेच्या वेळी दोन नावांचा घोळ निस्तरायला तिला आणि मला सहा फेऱ्या पडल्या.

पहिले दोन दिवस दुसरं काही करू नका. झोपा, पोटभर जेवा, लेकरांना अंघोळ घाला, कुणाला ताप-खोकला आहे का बघा. दुसऱ्याच दिवशी पहाटे नाक्यावर धावणारे पुरुष मी खूप पाहिलेत. पोटाची घाई असते, मला कळतं. पण घरातलं एक मोठं माणूस तरी मागे थांबायला हवं, नाहीतर मुलं अनोळखी ठिकाणी घाबरून बसतात.

स्वयंसेवकाकडून काय घ्यायचं

निवाऱ्यात तुम्हाला दोन प्रकारची माणसं भेटतील. काळजीवाहक आणि व्यवस्थापक पगारी असतात, निवाऱ्याचे नियम त्यांच्या हातात. आमच्यासारखे स्वयंसेवक नोकरी-घर सांभाळून येतात. कुणी शिक्षिका, कुणी बँकेतून निवृत्त झालेले काका, कुणी कॉलेजातली पोरं. २०१६ च्या दुष्काळात नांदेड भागातली कुटुंबं घाटकोपरच्या भटवाडीतल्या मैदानावर पालं टाकून राहिली होती, तेव्हाही आसपासच्या साध्या माणसांनीच धान्य आणि पाणी पोचवलं होतं. स्वयंसेवक म्हणजे साहेब नव्हे. त्यांना ताई, दादा, काका म्हणा आणि जे कळत नाही ते दहा वेळा विचारा.

स्वयंसेवकाचं खरं काम सोबत जाणं हे आहे. हे मला चुकूनच कळलं. सुरुवातीच्या वर्षात मी एका ताईंना कागदांची यादी सुवाच्य अक्षरात लिहून दिली आणि एका कार्यालयात पाठवलं. त्यांना वाचता येत नव्हतं, ते विचारायचं मला सुचलं नाही. पहिल्या दिवशी त्या चुकीच्या खिडकीवर उभ्या राहिल्या, दुसऱ्या दिवशी झेरॉक्स कमी पडली, तिसऱ्या दिवशी साहेब रजेवर. तीन दिवसांची मजुरी बुडाली, आणि त्या मला काहीच बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं. तेव्हापासून आमचा नियम आहे: प्रत्येक नव्या खिडकीवर पहिल्या खेपेला एक स्वयंसेवक सोबत. पहिल्या खेपेला तो बोलतो आणि तुम्ही ऐकता, दुसऱ्या खेपेला तुम्ही बोलता आणि तो मागे उभा राहतो. तिसऱ्या खेपेला तुम्ही एकट्याने जा. बहुतेकांना जमतं.

काही बाबतीत मात्र सावध राहा. स्वयंसेवक कितीही भला असला तरी मूळ आधार कार्ड, पासबुक किंवा रेशनकार्ड त्याच्याकडे ठेवायला देऊ नका, झेरॉक्स द्या. ओटीपी कुणालाच सांगू नका. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कुणाच्याही सांगण्यावरून उमटवू नका. "फोटो काढू का, वर्गणीसाठी उपयोगी पडेल" असं कुणी विचारलं आणि नको वाटलं तर नको म्हणा. तुमची जागा त्यामुळे जाणार नाही, जाता कामा नये.

कागद: कुठून सुरुवात करायची

पिशवी काळजीवाहकासमोर उघडा आणि काय आहे, काय नाही याची एक यादी करा. मग निवाऱ्याच्या लेटरहेडवर, फोटो आणि शिक्क्यासह, "हे कुटुंब आमच्याकडे अमुक तारखेपासून राहते" असं पत्र मागा. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचं प्रमाणपत्र आधारसाठी पुरावा म्हणून चालतं. त्याचा नमुना ठरलेला आहे, तोच भरून घ्या. साध्या कागदावरचं पत्र परत येतं.

आधार हरवलं असेल तर नवीन काढायला जाऊ नका. एका माणसाला एकच आधार मिळतं, दुसऱ्यांदा नोंदणी केली की ती नामंजूर होते आणि महिना वाया जातो. १९४७ वर फोन करा किंवा आधार केंद्रात जा. नाव, जन्मतारीख आणि बोटाचा ठसा जुळला की जुनं कार्ड पुन्हा छापून मिळतं. मुळात कधीच काढलं नसेल तर पहिली नोंदणी मोफत आहे. ज्याच्याकडे कुठलाच कागद नाही त्याची नोंदणी आधार असलेल्या कुटुंबप्रमुखाच्या नात्यावरून होऊ शकते. पाच वर्षांखालच्या मुलाचे ठसे घेत नाहीत. पुढे पाच ते सात आणि पंधरा ते सतरा या वयात ठसे नव्याने द्यावे लागतात, ते मोफत. हे राहून गेलं की दहावीच्या वर्षात मुलाचं आधार अडतं, आणि मग धावपळ.

बाळाचा जन्म घरी, भट्टीवर किंवा वाटेत झाला असेल आणि नोंद नसेल, तर तीही लगेच मार्गी लावा. एकवीस दिवसांच्या आत नोंद विनाशुल्क होते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. ऑक्टोबर २०२३ पासून जन्मदाखल्याचं महत्त्व आणखी वाढलं आहे, शाळा आणि आधारपासून सगळीकडे तोच विचारतात.

बँकेत शून्य शिल्लकेचं जनधन खातं मागा. पत्त्याचे कागद पुरे नसतील तर नुसत्या फोटोवर आणि सही-अंगठ्यावर "छोटं खातं" उघडून मिळतं. त्यात पन्नास हजारांपेक्षा जास्त ठेवता येत नाही आणि वर्षभरात कागद पुरे करण्यासाठी अर्ज केल्याचं दाखवावं लागतं. एक गोष्ट मात्र आधी विचारून घ्या. नव्या खात्याला आधार जोडताना "अनुदान याच खात्यात" असा पर्याय निवडला, की लाडकी बहीणचे किंवा दुसऱ्या कुठल्या योजनेचे पैसे जुन्या खात्याऐवजी इथे यायला लागतात. गावाकडचं खातं सासू वापरत असेल तर घरात भांडण पेटतं. आमच्याकडे दोनदा पेटलं.

मतदार यादीचा नियम मला फार आवडतो. बेघर माणसाला तिथे पत्त्याचा कागद लागतच नाही. सहा नंबरच्या अर्जात तुम्ही जी जागा लिहाल तिथे बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा त्या भागातला कर्मचारी, रात्री येतो, एकदा सोडून पुन्हा येतो, आणि तुम्ही खरंच तिथे झोपता का ते डोळ्यांनी बघतो. तेवढ्यावर नाव लागतं.

रेशन

गावचं रेशनकार्ड शहरात चालत नाही, असं पन्नासातली चाळीस कुटुंबं मला सांगतात. चालतं. "एक देश एक रेशनकार्ड" या व्यवस्थेत देशातल्या कुठल्याही रेशन दुकानातून तुमचा वाटा उचलता येतो. कार्ड बदलावं लागत नाही, नाव कमी करावं लागत नाही. अन्नसुरक्षा कायद्याखालच्या प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य आहे, अंत्योदय कार्डावर कुटुंबाला पस्तीस किलो. २०२३ पासून ते फुकट मिळतं. म्हातारे आईवडील गावी असतील तर त्यांचा वाटा ते तिथे उचलतील, तुमचा तुम्ही इथे. दुकानदार "कोटा नाही" म्हणाला तर १४४४५ वर तक्रार करा. फोन त्याच्यासमोरच लावलात तर बरेचदा कोटा सापडतो.

अडचण येते अंगठ्याची. मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. एक दादा सहा महिने हातमोज्यांशिवाय सिमेंट कालवत होते. मशीनवर उजवा अंगठा ठेवला, लाल दिवा. डावा ठेवला, लाल. बोटं सदऱ्याला पुसून पुन्हा ठेवली, पुन्हा लाल. त्यांच्या बोटांच्या टोकांवर रेघाच उरल्या नव्हत्या, चुन्याने खाल्लेली गुळगुळीत कातडी होती. मागे रांगेत कुजबुज सुरू झाली आणि ते कानकोंडे होऊन बाजूला सरकले. तेव्हा सोबतच्या आमच्या काकांनी त्यांच्या बायकोला पुढे केलं. तिचा अंगठा लागला आणि सगळ्या घराचं धान्य निघालं. कार्डावरच्या कुणाही एका माणसाचा ठसा चालतो, हे त्या दोघांना माहीत नव्हतं. काही दुकानांत आता बुबुळ तपासायचं यंत्रही आहे, ते मागा. आणि साइटवर हातमोजे मागा, ते तर सगळ्यात आधी.

शाळा

इथे मी जरा जास्त बोलणार आहे. मोठ्यांचं एक वर्ष वाया गेलं तर भरून काढता येतं, नऊ वर्षांच्या मुलीचं तसं नाही.

सहा ते चौदा वयाच्या कुठल्याही मुलाला सरकारी किंवा महानगरपालिकेच्या शाळेने प्रवेश नाकारायचा नाही, हा २००९ चा शिक्षण हक्क कायदा. जन्माचा दाखला नाही म्हणून नाकारायचा नाही. जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून थांबवायचा नाही. वर्ष सुरू होऊन गेलं म्हणूनही नाही. मूल वयाप्रमाणे वर्गात बसतं, म्हणजे दहा वर्षांची मुलगी पहिलीत बसत नाही. मागे पडलेला अभ्यास भरून काढायला किमान तीन महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षं विशेष प्रशिक्षण द्यायची जबाबदारी शाळेची. पुस्तकं आणि आठवीपर्यंत दुपारचं जेवण शाळेत मिळतं.

तरीही नाही म्हणणारे भेटतात. ऊसतोडीवरून थेट शहरात आलेलं एक कुटुंब होतं, त्यातली मुलगी नऊ वर्षांची. एका शाळेने दोनदा परत पाठवलं: "दाखला आणा, मग बघू." दाखला चारशे किलोमीटरवर, तोही ती तिथे पहिलीत चार महिने बसली होती तेवढ्याचा. तिसऱ्या खेपेला आम्ही दोघी स्वयंसेविका तिच्या आईसोबत गेलो, कायद्यातली चार, पाच आणि चौदा ही तीन कलमं मराठीत छापून. आवाज चढवला नाही. कागद टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "नाकारत असाल तर कारण लेखी द्या." लेखी कुणी देत नाही. मुलगी चौथीत बसली. तिला वाचता येत नव्हतं, पण आईवडिलांनी दिवसात बांधलेल्या मोळ्यांचा हिशेब तोंडी ठेवून ठेवून तिचा गुणाकार वर्गातल्या सगळ्यांपेक्षा तयार होता. बाईंनी तो पहिल्याच आठवड्यात हेरला आणि तिला फळ्यापाशी उभं केलं. आईला हे सांगताना ती पोर तीन वेळा म्हणाली, "मला खडू दिला."

तुम्ही हंगामापुरते येत असाल आणि परत जाणार असाल, तर निघताना गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या. ते नव्या शाळेत दाखवलं की मुलाचं शिक्षण कुठवर आलं होतं ते कळतं. परतीच्या वेळी इथल्या शाळेतूनही तसंच मागा.

सहा वर्षांखालच्या मुलांना अंगणवाडीत न्या. पोरांना तिथे खाऊ मिळतो, वजन होतं, आणि तुम्हाला तीन-चार तास मोकळे मिळतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांचा पोषण आहारही तिथूनच. पत्ता निवाऱ्याचा सांगा.

संध्याकाळी आमच्याकडे अभ्यासिका असते. एक मागणं आहे: मुलांना त्या वेळी पाणी भरायला किंवा धाकट्याला सांभाळायला बसवू नका. पाणी आम्ही भरू.

दवाखाना

बाळाचं माता-बाल संरक्षण कार्ड असेल तर महापालिकेच्या आरोग्य केंद्रात न्या, राहिलेल्या लसी तिथून पुढे चालू होतात. कार्ड हरवलं तरी चालतं, नवं करून देतात.

कुणाला गावी क्षयाच्या गोळ्या चालू होत्या का? हे आम्ही प्रत्येक कुटुंबाला विचारतो, कारण गाव सुटलं की गोळ्या सुटतात आणि अर्धवट सोडलेला क्षय मग साध्या औषधांना दाद देत नाही. निक्षय क्रमांक, म्हणजे क्षयरुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक, सांगितला की उपचार इथल्या केंद्रात बदलून मिळतो. औषध मोफत, शिवाय उपचार चालू असेपर्यंत महिन्याला एक हजार रुपये पोषणासाठी खात्यात येतात. क्षय आहे म्हटल्यावर निवाऱ्यातून काढतील या भीतीने लपवू नका. गोळ्या नीट चालू असल्या की थोड्याच दिवसांत दुसऱ्याला लागण व्हायचा धोका खूप कमी होतो. आम्ही फक्त झोपायची जागा खिडकीजवळ देतो.

झोप उडाली असेल, सारखं रडू येत असेल, नवरा गप्प गप्प झाला असेल, तर १४४१६ वर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

काम

सकाळी सातला नाक्यावर उभं राहण्याआधी निवाऱ्यातल्या जुन्या माणसाला त्या भागातला रोजाचा भाव विचारा. नवा माणूस दिसला की मुकादम निम्म्यावर बोलणी सुरू करतो. कामावर गेल्यावर मुकादमाचं नाव, मोबाइल नंबर आणि साइटचा पत्ता रोज वहीत लिहा. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या. मजुरी बुडाली तर ही वहीच तुमचा पुरावा. आणि उचल घेऊ नका. उचलीपायी गाव सोडलेलं कुटुंब शहरात पुन्हा उचलीत अडकलं की आमचे हात बांधले जातात.

ई-श्रम, म्हणजे असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी, मोफत आहे, वय सोळा ते एकोणसाठ. बांधकामावर वर्षभरात नव्वद दिवस भरले की महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवा. तिथून मुलांच्या शिष्यवृत्तीपासून आजारपणापर्यंत मदत मिळते. नव्वद दिवसांचं प्रमाणपत्र ठेकेदाराकडून मागायचं असतं, म्हणून वही. पाचशे-हजार घेऊन "सगळं करून देतो" म्हणणारे नाक्यावर फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. हा अर्ज भरायला स्वयंसेवक तयार असतात.

आणखी एक. मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा १९५९ चा आहे आणि महाराष्ट्रात अजून लागू आहे. रस्त्यावर बसलेलं माणूस त्याखाली उचललं जाऊ शकतं. निवाऱ्याचं ओळखपत्र सगळ्या मोठ्यांनी कायम खिशात ठेवावं.

मारहाणीतून निघून आलेल्या ताईंसाठी

सासरी किंवा माहेरी पत्ता कळू द्यायचा नसेल तर आल्या आल्या सांगा, रजिस्टर कुणालाही दाखवत नाहीत. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये काही दिवस राहायची सोय, पोलीस, वकील, डॉक्टर हे सगळं एका ठिकाणी आहे. तिथे १८१ वरून पोचता येतं. बाईला वकील फुकट मिळतो, कमाई कितीही असली तरी. त्यासाठी १५१०० किंवा कोर्टातलं विधी सेवा प्राधिकरण. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सासरच्या घरात राहण्याचा हक्कही दिला आहे. परत जायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. कुठल्याही स्वयंसेवकाने "लेकरांसाठी सांभाळून घे" म्हटलं तर त्याचं ऐकू नका आणि व्यवस्थापकाला सांगा.

स्वतःची खोली

दोघांचं मिळून सलग तीन महिने काम लागलं आणि खात्यात डिपॉझिटपुरते पैसे साठले, की खोली बघायला लागा. आमच्याकडच्या बायका दर शनिवारी बचत गटात शंभर-शंभर टाकतात, अनेकींचं डिपॉझिट तिथूनच उभं राहिलं. खोली शाळेपासून लांब घेऊ नका, दोनशे रुपये भाडं जास्त गेलं तरी चालेल.

भाडेकरार लेखी करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तसा करार नसेल तर वादाच्या वेळी भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, उलट सिद्ध होईपर्यंत. हे मालकाला गोडीत सांगितलं तरी बरेच जण करार करायला तयार होतात. डिपॉझिट रोख न देता खात्यातून द्या. विजेचं मीटर वेगळं आहे का, पाणी किती वाजता येतं, पावसात खोली गळते का, हे शेजारणीला विचारा, मालकाला नव्हे.

निघायच्या दिवशी स्वयंसेवक टेम्पोत सामान चढवायला येतात. आम्ही प्रत्येक घराला एक कुकर आणि एक चटई देतो, वर्गणीतून. नव्या पत्त्यावर आल्यावर महिनाभरात आधारवरचा पत्ता बदला, शाळेत आणि बँकेत कळवा, आणि कागदांच्या त्या पिशवीऐवजी चेनवाली फाइल घ्या, पावसाळ्यात फरक पडतो. तुमचा नवा फोन नंबर आमच्या वहीत लिहून जा. निवाऱ्याने वापरायला दिलेल्या पेटीच्या कुलपाची किल्ली काळजीवाहकांकडे द्यायला विसरू नका. बहुतेक वेळा तीच पेटी त्याच संध्याकाळी दुसऱ्या कुणाला लागते.